गुणोत्तराचे दोन बिंदू : संरचनावादी आकृत्यांतील गणिती चिन्हांची संदिग्धता

१

साहित्यसमीक्षेच्या किंवा मानवविद्यांच्या शोधनिबंधात आकृती येते तेव्हा वाचकाची सावधता काहीशी सैल होते, असे दिसते. गद्यातील एखाद्या विशेषणाशी चार पाने वाद घालणारा अभ्यासक आकृतीतील रेघ, बाण, कंस किंवा गुणोत्तराचे दोन बिंदू मात्र निमूटपणे स्वीकारतो. चिन्ह गणिताचे असल्यामुळे त्याचा अर्थ कोठेतरी आधीच ठरलेला असणार, असा त्याचा समज असतो. हा समज नेहमी बरोबर असतोच असे नाही. विसाव्या शतकात तुलनात्मक साहित्याभ्यासाला ज्या आकृत्यांनी वळण दिले त्यांपैकी काहींच्या बाबतीत तो स्पष्टपणे चुकीचा ठरतो.

येथे एक भेद प्रारंभीच करणे आवश्यक आहे. काव्यातील अनेकार्थता हा दोष नव्हे, ही गोष्ट विल्यम एम्पसनने १९३० साली अनेकार्थतेच्या सात प्रकारांची मांडणी केल्यापासून इंग्रजी समीक्षेत रुळली. भारतीय काव्यशास्त्राला ती त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित होती. तथापि याच परंपरेने श्लेषाला अलंकारांत स्थान दिले आणि ‘संदिग्ध’ या प्रकाराची गणना दोषांत केली, हे विसरता येत नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात हा दोष सांगितला आहे आणि व्याजस्तुतीसारख्या ठिकाणी तो गुण ठरू शकतो, अशी सवलतही ठेवली आहे. श्लेषात दोन्ही अर्थ हवे असतात आणि दोन्ही हाती लागतात. संदिग्धात एकच अर्थ हवा असतो, पण तो कोणता हे कळत नाही. आकृतीतील गणिती चिन्हांची अनेकार्थता या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हा येथील विचाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ सौंदर्यदृष्टीचे नाही. आकृतीने केलेले विधान तपासून पाहता येते की नाही, हे त्याच्यावर अवलंबून आहे.

२

सर्वांत साधे उदाहरण आडव्या रेघेचे आहे. सोस्यूरच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध झालेल्या त्याच्या भाषाविज्ञानावरील व्याख्यानग्रंथात भाषिक चिन्हाची लंबवर्तुळाकार आकृती येते. वरच्या अर्ध्या भागात चिन्हित, खालच्या भागात चिन्हक आणि मध्ये रेघ, अशी तिची रचना आहे. ही रेघ दोन भाग वेगळे दाखवते. परंतु कागदाची एक बाजू कापली की दुसरीही कापली जाते, हा सोस्यूरचा दृष्टान्त पाहता ती तोडणारी नसून जोडणारी आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या, अचेतनातील अक्षराविषयीच्या निबंधात जाक लाकाँने ही आकृती उलटी केली. मोठ्या लिपीतला ‘एस’, म्हणजे चिन्हक, वर आला. लहान लिपीतला ‘एस’, म्हणजे चिन्हित, खाली गेला. लंबवर्तुळ नाहीसे झाले आणि रेघेला अर्थनिष्पत्तीला विरोध करणाऱ्या अडसराचे रूप मिळाले. त्याच निबंधात रूपकाचे सूत्र मांडताना ही रेघ ओलांडली जाते हे दाखवण्यासाठी अधिकचिन्ह योजलेले आहे. म्हणजे तेथे अधिकचिन्ह बेरजेचे राहिले नाही. ते रेघ ओलांडण्याच्या क्रियेचे चित्र झाले.

येथपर्यंत लाकाँवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. एखाद्या चिन्हाला नवा अर्थ देण्याचा अधिकार लेखकाला असतो, आणि तो अर्थ त्याने गद्यात सांगितलेला आहे. अडचण १९६०च्या, कर्त्याच्या उलथापालथीविषयीच्या निबंधात उद्भवते. तेथे तीच रेघ मध्ये ठेवून मोठा एस आणि लहान एस यांची मांडणी लहान एसबरोबर समान म्हणून दिली जाते, मोठ्या एसची किंमत उणे एक धरली जाते आणि लहान एसची किंमत उणे एकचे वर्गमूळ अशी काढली जाते. हे गणित जुळते. मोठ्या एसला लहान एसने भागून लहान एस मिळत असेल तर मोठा एस हा लहान एसचा वर्ग ठरतो, आणि वर्ग उणे एक असल्यास मूळ संख्या काल्पनिक येते. परंतु ते जुळते ते रेघ भागाकाराची मानली तरच. जी रेघ अडसर होती ती भागाकाराची केव्हा झाली, याचा उल्लेख निबंधात नाही. अ‍ॅलन सोकल आणि ज्याँ ब्रिक्माँ यांनी १९९७च्या ग्रंथात या ठिकाणी बोट ठेवले ते योग्यच होते. मात्र त्यांच्या टीकेचा सूर लेखकाचे गणिताचे अज्ञान दाखवण्याकडे अधिक झुकला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला जाणवणारी उणीव निराळी आहे. एकाच चिन्हाचे दोन अर्थ एका युक्तिवादात आलटून पालटून वापरले गेले आणि त्या बदलाची वर्दी वाचकाला मिळाली नाही, ही ती उणीव होय.

३

याहून गुंतागुंतीचे आणि तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण क्लॉद लेव्ही-स्ट्रॉसच्या ‘द स्ट्रक्चरल स्टडी ऑफ मिथ’ या निबंधाचे आहे. १९५५ साली ‘जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोअर’मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि १९५८ साली ‘संरचनात्मक मानवशास्त्र’ या फ्रेंच ग्रंथात समाविष्ट झाला. या एका निबंधात चिन्हांकनाची दोन टोके भेटतात, म्हणून तो विशेष अभ्यसनीय आहे.

पहिले टोक ईडिपसच्या कथेच्या तक्त्याचे. मिथक हे वाद्यवृंदाच्या स्वरलिपीसारखे वाचावे, हे सांगण्यासाठी लेखक प्रथम सुट्या अंकांची एक ओळ देतो आणि समान अंक एकाखाली एक येतील अशी तिची पुनर्रचना करतो. त्यानंतर कथेतील घटना चार स्तंभांत येतात. पहिल्या स्तंभात रक्ताच्या नात्याला दिलेले अवाजवी महत्त्व आहे : ईडिपसचा मातेशी विवाह, अँटिगनीने केलेले भावाचे दफन. दुसऱ्यात त्याच नात्याचे अवमूल्यन, म्हणजे पितृहत्या आणि भ्रातृहत्या. तिसऱ्यात राक्षसांचा वध, आणि चौथ्यात चालण्यातील व्यंग सुचवणारी नावे. कथा सांगायची असेल तर ओळी डावीकडून उजवीकडे वाचाव्यात, समजून घ्यायची असेल तर स्तंभ वाचावेत, असा वाचनाचा नियमही लेखक घालून देतो. चार स्तंभांची निवड एखाद्याला पटणार नाही. परंतु तक्ता कसा वाचायचा याविषयी शंका राहत नाही. मतभेद शक्य होतो तो याच स्पष्टतेमुळे.

मात्र तक्त्यावरून निष्कर्ष काढताना गुणोत्तराची भाषा येते आणि स्पष्टता ढळू लागते. चौथ्या स्तंभाचे तिसऱ्याशी जे नाते तेच पहिल्याचे दुसऱ्याशी, असे लेखक प्रथम सांगतो. थोड्या अंतराने तोच सांगतो की, रक्ताच्या नात्याच्या अतिमूल्यनाचे त्याच्या अवमूल्यनाशी जे नाते, तेच भूमीतून झालेल्या जन्मापासून सुटण्याच्या धडपडीचे त्या धडपडीच्या अपयशाशी आहे. आता राक्षसवधाचा तिसरा स्तंभ हा या सुटण्याच्या धडपडीचा, आणि व्यंगसूचक नावांचा चौथा स्तंभ हा तिच्या अपयशाचा. म्हणजे पहिल्या विधानात क्रम चार-तीन असा आहे आणि दुसऱ्यात तीन-चार असा. दोन्ही विधाने खरी मानली आणि नाते शब्दशः गणिती गुणोत्तराचे आहे असे धरले, तर तिसऱ्याचे चौथ्याशी असलेले गुणोत्तर आणि चौथ्याचे तिसऱ्याशी असलेले गुणोत्तर एकच ठरते. अंकगणितात हे दोन राशींचे परिमाण समान असेल तरच संभवते.

या विसंगतीतून मार्ग नाही असे नाही. येथील नाते गणिती गुणोत्तराचे नसून केवळ विरोधाचे आहे, त्यात क्रमाला महत्त्व नाही, असे म्हटले की दोन्ही विधाने सुखाने नांदतात. पूर्व-पश्चिम काय आणि पश्चिम-पूर्व काय, विरोध तोच. परंतु हा मार्ग स्वीकारण्याची किंमत पुढे, निबंधाच्या दुसऱ्या टोकाला, द्यावी लागते.

४

ते दुसरे टोक म्हणजे निबंधाच्या उत्तरार्धात आलेले आणि पुढे मिथकाचे ‘प्रमाणसूत्र’ म्हणून गाजलेले सूत्र होय. मराठी शालेय बीजगणिताच्या अक्षरांत ते असे मांडता येईल (चौकोनी कंसातील अक्षर मुळात पायाशी, लहान ठशात आहे) :

फ[क्ष](अ) : फ[य](ब) ≃ फ[क्ष](ब) : फ[अ–१](य)

सूत्राखाली लेखकाने दिलेले स्पष्टीकरण थोडक्यात असे. अ आणि ब ही दोन पदे आहेत. क्ष आणि य ही त्यांची दोन प्रकार्ये. पदे आणि संबंध यांची उलटापालट करून मिळणाऱ्या दोन स्थितींत समतुल्यता असते. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. एक पद त्याच्या विरुद्ध पदाने बदलले पाहिजे, आणि एका घटकाचे पदमूल्य व दुसऱ्याचे प्रकार्यमूल्य यांची अदलाबदल झाली पाहिजे. सूत्राचे सगळे सामर्थ्य उजवीकडच्या शेवटच्या पदावलीत आहे. तेथे पद असलेला अ उलटा होऊन पायाशी जातो आणि पायाशी असलेला य कंसात येतो.

आता यातील चिन्हांकडे पाहावे. ‘अ–१’ ही खूण अनेक मुद्रणांत एका ओळीत आहे, तर अन्य लेखनात उणे एक हा घातांक म्हणून वर चढवलेला आढळतो. ओळीत असल्यास ती वजाबाकी दिसते, वर असल्यास व्यस्त. स्पष्टीकरणात ‘विरुद्ध’ असा शब्द असल्यामुळे वजाबाकीचा अर्थ बाद होतो, हे खरे. तरीही प्रश्न संपत नाही. गुणाकारातील व्यस्त, फलनाचे व्यस्त, तर्कातील निषेध आणि नुसता विरोध या चार भिन्न गोष्टी आहेत. ‘पांढरा’चा निषेध ‘पांढरा नसलेला’ हा आहे, तर विरोधी ‘काळा’. सूत्र यांपैकी काय म्हणते ते चिन्हावरून कळत नाही. मधले ‘≃’ हे चिन्हही असेच आहे. गणिताच्या एका शाखेत ते ‘जवळजवळ समान’ असे सांगते, दुसऱ्या शाखेत समतुल्यतेचा विशिष्ट प्रकार दाखवते. दोन्ही बाजू एकाच वेळी सत्य आहेत, की डावी बाजू आधी असून उजवी तिच्यापासून घडते? मिथकाच्या अभ्यासात हा फरक मूलभूत आहे, कारण पहिल्या अर्थी सूत्र रचनेचे वर्णन ठरते आणि दुसऱ्या अर्थी कथेच्या परिवर्तनाचे.

आणि शेवटी, पुन्हा तेच दोन बिंदू. ईडिपसच्या तक्त्यातील विधाने सांभाळण्यासाठी गुणोत्तरातील क्रम गौण मानावा लागला होता. येथे क्रम गौण मानला तर सूत्रातील शेवटचे स्थान हे ‘शेवटचे’ राहत नाही, आणि त्या स्थानी घडणारी उलथापालथ, जी सूत्राचा प्राण आहे, ती कथेच्या अखेरीशी जोडण्याचा आधार निघून जातो. क्रम महत्त्वाचा मानला तर तक्त्यावरील दोन विधानांपैकी एक सोडावे लागते. एकाच निबंधात एकाच संबंधाला दोन व्याकरणे लावली गेली आहेत, असाच निष्कर्ष निघतो.

५

या संदिग्धतेने सूत्र निष्फळ ठरले का? इतिहास तसे सांगत नाही. १९६२पासून एली क्योंगास आणि पिअर मराँदा यांनी ते लोककथांना लावून पाहिले. त्यांनी मधले चिन्ह बदलून प्रमाणाचे चार बिंदू योजले, आणि सूत्राचे वाचन कालक्रमाने केले : आरंभीचा पेच, मध्यस्थ आणि अखेरीस आरंभापेक्षा अधिक काही देणारी परिणती. १९८८ साली ज्याँ पेतितोने रने तोमच्या आपत्ती-सिद्धान्ताच्या आधारे त्याचे भूमितीय वाचन केले. १९९८ साली ल्यूसिएँ स्कुब्लाने संपूर्ण ग्रंथ या सूत्राच्या वाचनाला वाहिला. २००३ साली गणितज्ञ जॅक मोरावा याने आठ घटकांच्या क्वाटर्निअन गटात सूत्राला सुसंगत अर्थ देता येतो, असे दाखवले.

स्वतः लेव्ही-स्ट्रॉसने १९८५च्या ‘मत्सरी कुंभारीण’ या ग्रंथात ॲमेझॉन खोऱ्यातील हिवारो लोकांच्या मिथकाला सूत्र प्रत्यक्ष लावले. तेथे अ हा रातवा पक्षी आहे, ब ही स्त्री, क्ष हा मत्सर आणि य हे कुंभारकाम. ‘व्यस्त रातवा’ म्हणून उभा राहतो तो मातीचे भट्टीसारखे घरटे बांधणारा दक्षिण अमेरिकेतील पक्षी. रातवा घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. हा दुसरा पक्षी मातीकामात निपुण आणि जोडीने नांदणारा. तीस वर्षांनी ‘–१’ या खुणेला असा ठोस अर्थ मिळाला. तो वजाबाकीचा नाही, तर्कशास्त्रीय निषेधाचाही नाही. एका प्राण्याच्या सवयी दुसऱ्याच्या सवयींच्या विरुद्ध असणे, इतका तो मूर्त आणि स्थानिक आहे.

या उदाहरणांवरून संदिग्धता हीच सूत्राची सुपीकता होती, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. या वाचनांपैकी प्रत्येक वाचन फलदायी झाले ते वाचकाने एक अर्थ निवडून, तो उघड करून, मग त्याला कथेची कसोटी लावल्यामुळे. मराँदांनी चिन्ह बदलले ते दिसेल असे बदलले. मोरावाने कोणत्या गटात गणित करावयाचे ते आधी सांगितले. फळ संदिग्धतेचे नव्हे, तिच्या निरसनाचे आहे. ज्या असंख्य निबंधांत सूत्र केवळ उद्धृत होते आणि त्याखाली कथेतील चार नावे बसवली जातात, तेथे असे निरसन घडत नाही. अशा ठिकाणी कोणतीही कथा सूत्रात बसते, कारण बसली नाही असे म्हणण्याची सोयच उरलेली नसते.

६

संक्षिप्त चिन्हांकनात संदिग्धता येणारच, मग तिचे काय करावे, या प्रश्नाला भारतीय परंपरेत एक प्राचीन उत्तर आहे. पाणिनीची अष्टाध्यायी हे चिन्हांकनाचेच शास्त्र आहे. सूत्रातील षष्ठी म्हणजे ‘च्या जागी’, सप्तमी म्हणजे ‘पुढे हे असता’, पंचमी म्हणजे ‘याच्या नंतर’; विभक्तींना दिलेले हे तांत्रिक अर्थ पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातच सूत्रांनी जाहीर केलेले आहेत. वाचनाचा करार ग्रंथाच्या आतच आहे.

असे असूनही एक संदिग्धता राहिली. चौदा शिवसूत्रांपैकी पहिल्याच्या आणि सहाव्याच्या अखेरीस ‘ण्’ हा एकच अनुबंध आला आहे. त्यामुळे ‘अण्’ या प्रत्याहारात फक्त अ, इ, उ येतात की सर्व स्वर आणि ह, य, व, र, ल हेही येतात, हे चिन्हावरून ठरत नाही. एवढी व्यंजने उपलब्ध असता आचार्यांनी तोच अनुबंध पुन्हा का योजला, असा प्रश्न पतंजली महाभाष्यात उपस्थित करतो आणि त्यातून एक परिभाषा निष्पन्न करतो. विशेष अर्थाचे ज्ञान व्याख्यानाने होते; केवळ संदेह उत्पन्न झाला म्हणून नियम नियमपणाला मुकत नाही, असा तिचा आशय. नागेशभट्टाच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त हीच परिभाषा पहिली आहे. हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात पुण्यात अध्यापन करणाऱ्या कीलहॉर्नने संपादित करून इंग्रजीत आणला, आणि महाभाष्याचे मराठी भाषांतर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी केले. म्हणजे हा विचार मराठी अभ्यासकाच्या घरचाच आहे.

या परिभाषेची दोन अंगे आहेत आणि दोन्ही येथे उपयोगी पडतात. संदेहामुळे सूत्र रद्द होत नाही, हे पहिले अंग सोकल-ब्रिक्माँ पद्धतीच्या सरसकट निकालाला आवर घालते. दुसरे अंग अधिक कठोर आहे : निर्णय व्याख्यानाने झालाच पाहिजे. वैयाकरणांनी ‘अण्’चा अर्थ प्रत्येक सूत्रात ठरवला. सवर्णग्रहणाच्या एका सूत्रात दुसरा ‘ण्’ घ्यावयाचा, अन्यत्र पहिला, हा निर्णय परंपरेने जपला. संदिग्ध चिन्ह तसेच राहिले, पण संदेह राहिला नाही. लेव्ही-स्ट्रॉसच्या सूत्राला असे व्याख्यान फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी लाभले. लाकाँच्या रेघेला तर ते युक्तिवादाच्या ऐन मोक्याच्या जागी लाभलेच नाही.

७

भारतीय भाषांतील तुलनात्मक अभ्यासकाला हा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. या आकृत्या त्याच्याकडे बहुतांशी इंग्रजीवाटे येतात, आणि गद्याचे भाषांतर केले तरी आकृती ‘जशीच्या तशी’ ठेवण्याचा प्रघात आहे. चिन्हे भाषातीत असतात, ही त्यामागील समजूत. ती किती अपुरी आहे हे देवनागरीत सूत्र लिहू लागताच ध्यानात येते. भारतीय लिपींत मोठ्या आणि लहान अक्षरांचा भेद नाही. लाकाँची सगळी मांडणी मोठ्या आणि लहान एसवर उभी आहे. मराठीत चिन्हक आणि चिन्हित ही दोन्ही पदे ‘चि’नेच सुरू होतात, तेव्हा आद्याक्षराने त्यांचा भेद दाखवता येत नाही. भाषांतरकाराला भेद शब्दांत सांगावा लागतो, म्हणजेच व्याख्यान करावे लागते.

सूत्रातील ‘फ’ची कथा याहून बोलकी आहे. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये गणितातील फलन आणि समाजशास्त्रातील किंवा कथनमीमांसेतील प्रकार्य यांसाठी एकच शब्द आहे. त्या एका शब्दाच्या आड सूत्र दोन्हीकडे तोंड करून उभे राहते : गणितज्ञाला फलन दिसते, लोकसाहित्याच्या अभ्यासकाला प्रॉपच्या परंपरेतील प्रकार्य. मराठीत हे शब्द निराळे आहेत. ‘मत्सर’ हे रातव्याचे प्रकार्य म्हणता येईल, फलन म्हणता येणार नाही. उलट, ‘अ’चे व्यस्त घेऊन त्याला कंसाबाहेर बसवण्याची क्रिया फलनाच्या भाषेतच सुचते. भाषांतरकाराला कोठे फलन, कोठे प्रकार्य हे ठरवावे लागते, आणि ते ठरवताना मूळ निबंधात हा निर्णय झालेला नाही हे प्रथमच स्पष्ट दिसते. येथे भाषांतर हे दुय्यम काम राहत नाही. मूळ भाषेतील वाचकाच्या नजरेतून निसटलेली जागा ते उघडी पाडते.

एकंदरीत, काव्यातील अनेकार्थतेला मिळालेली प्रतिष्ठा आकृतीतील संदिग्धतेला परस्पर देता येत नाही. कवितेतील दुसरा अर्थ वाचकाच्या पदरी पडतो. आकृतीतील न ठरलेला अर्थ वाचकाच्या माथी पडतो, आणि तोही गणिताच्या अधिकाराने. म्हणून आकृतीसमोर अभ्यासकाने विचारावयाचे प्रश्न साधेच आहेत. हे चिन्ह येथे कोणत्या अर्थी आहे? तो अर्थ कोणी आणि कोठे सांगितला? पुढच्या पानावर तो तोच आहे का? या प्रश्नांना उत्तरे मिळाली तर लेव्ही-स्ट्रॉसचे सूत्र आजही कथा वाचण्याचे समर्थ साधन आहे. ती मिळाली नाहीत तर ते सूत्र न राहता केवळ मुद्रा उरते, आणि मुद्रेखाली काय लिहिले आहे हे न वाचताच अभ्यासक तिला प्रमाण मानत राहतो.